टांगलेली वीणा आणि कुडीची वही

(स्थलांतरितांच्या साहित्याविषयी काही विचार)

पवित्र शास्त्रात परदेशी राहावे लागलेल्या माणसांविषयी पुष्कळ मजकूर आहे. त्यांतील दोन लेख एकाच काळाचे, एकाच लोकांचे आणि एकाच नगराशी निगडित असूनही परस्परांहून अगदी भिन्न आहेत. पहिला म्हणजे एकशे सदतिसावे स्तोत्र. बाबेलच्या नद्यांकाठी बसलेले बंदिवान सियोनच्या आठवणीने रडतात, आपल्या वीणा झाडांवर टांगून ठेवतात आणि परक्या भूमीवर प्रभूचे गीत गायचे तरी कसे, असे विचारतात. दुसरा लेख म्हणजे यिर्मया संदेष्ट्याने त्याच बंदिवानांना पाठवलेले पत्र. ते त्याच्या ग्रंथाच्या एकोणतिसाव्या अध्यायात आहे. त्यात अश्रूंचा उल्लेख नाही. घरे बांधून राहा, मळे लावा, मुलामुलींची लग्ने करा, आणि ज्या नगरात तुम्हांस नेले आहे त्याच्या हितासाठी प्रार्थना करा, असा त्या पत्राचा आशय आहे.

स्थलांतरितांच्या जगभरच्या साहित्यात हे दोन सूर आढळतात. एक सूर मागे राहिलेल्या गावाचा, दुसरा समोरच्या गल्लीचा. पहिल्या सुराला रसिक लवकर मिळतात, कारण आठवण ही सर्वांनाच गोड वाटते. दुसरा सूर लिहायला कठीण असतो, कारण त्यात भाडे, भाकरी, आजारपण, मुलांची शाळा आणि मयताची व्यवस्था या गोष्टी येतात. त्या काव्यात बसत नाहीत, अशी आपली समजूत असते. आमचे म्हणणे असे की, ज्या समाजाच्या साहित्यात केवळ पहिला सूर उरतो त्या समाजाची निम्मी हकीकत हरवते, आणि जी हरवते ती बहुधा त्यांतील अधिक गरीब माणसांची असते. हे म्हणणे तपासण्यासाठी आम्ही मुंबईच्या गोवेकर कॅथॉलिकांचे उदाहरण घेतले आहे. हा समाज आपल्याला जवळचा आहे, त्याने स्वतःची रंगभूमी निर्माण केली, आणि त्याच्या कथेतून नागपूरच्या आपल्या धर्मग्रामांनाही काही शिकता येण्याजोगे आहे.

कूड

पोर्तुगीज अमलाखालील गोव्यात एकोणिसाव्या शतकात शेती थोड्यांच्या हाती होती आणि नोकऱ्या फार थोड्या होत्या. मुंबईत मात्र इंग्रजांचे बंदर, जहाज कंपन्या, लष्करी बँड, हॉटेले आणि साहेबांची घरे होती. गोव्याच्या खेड्यांतून स्वयंपाकी, खलाशी, शिंपी, वाजंत्री आणि आया मुंबईकडे निघाल्या. १८७८ च्या इंग्रज-पोर्तुगीज तहानंतर मुरगावपर्यंत रेल्वे आली आणि हा ओघ आणखी वाढला.

शहरात उतरलेल्या माणसाला पहिली गरज छपराची. ती भागवण्यासाठी या लोकांनी जी संस्था उभी केली तिचे नाव कूड. एका गावच्या लोकांनी मिळून धोबीतलाव, डाबुळ, माझगाव अशा वस्त्यांत एक खोली किंवा मजला भाड्याने घ्यायचा, दरमहा थोडी वर्गणी द्यायची आणि गावच्या माणसाला तेथे उतरू द्यायचे. प्रत्येकाची एक पेटी, एक चटई. भिंतीशी वेदी, तीवर गावच्या आश्रयदात्या संताची प्रतिमा. संध्याकाळी सर्वांनी मिळून जपमाळ करायची. तो नियम होता. गावच्या संताचा सण गावाप्रमाणेच मुंबईतही साजरा व्हायचा. एका सफरीहून परतलेला खलाशी दुसरी सफर मिळेपर्यंत येथे राहायचा. आजाऱ्याला मदत मिळायची आणि मेलेल्याला सन्मानाने पुरले जायचे. धोबीतलावच्या जेर महाल या इमारतीत अशा अनेक कुडी एकत्र नांदल्या.

'कूड' या शब्दाचा येथे थोडा विचार केला पाहिजे. कोंकणीत कूड म्हणजे खोली आणि कूड म्हणजे देहही. कोंकणी मिस्सेत ख्रिस्तशरीरासाठी हाच शब्द येतो. मराठीतही आपण 'कुडी' म्हणतो ते देहालाच. गावापासून तुटलेल्या माणसांनी आपल्या भाड्याच्या खोलीला जो शब्द लावला, तोच शब्द त्यांच्या भाषेत देहासाठीही होता. कोणी योजून हे घडवले असे आम्ही म्हणत नाही. परंतु संत पौलाने एका देहाच्या अनेक अवयवांविषयी जे लिहिले, त्याचा व्यवहारातील अर्थ त्या चटयांच्या रांगांत दिसतो, असे म्हणायला हरकत नाही.

कुडीत एक वही असे. कोण आला, कोण गेला, कोणाची वर्गणी थकली, कोणाला उसने दिले, कोणाच्या आत्म्यासाठी मिस्सा सांगितली, याची तीत नोंद होई. साहित्याच्या इतिहासात अशा वह्यांना जागा नसते. आमच्या दृष्टीने मात्र यिर्मयाच्या पत्राचा खरा वारसा या वह्यांकडे जातो. स्थलांतरिताला काय लागते, याची इतकी सरळ यादी कोणत्याही कादंबरीत सापडणार नाही.

तियात्र

याच समाजाने मुंबईत तियात्र जन्माला घातले. १७ एप्रिल १८९२ रोजी, पुनरुत्थानाच्या सणाच्या रविवारी, लुकासिन्यो रिबेरो यांनी 'इटालियन भुर्गो' हा खेळ मुंबईत रंगमंचावर आणला. मुंबईत आलेल्या एका इटालियन संगीतनाटक मंडळीचे प्रयोग पाहून त्यांना ही कल्पना सुचली, असे सांगतात. गोव्याचे जुने खेळ उघड्यावर, कार्निव्हालच्या दिवसांत व्हायचे. तियात्र तिकीट लावून, पडद्याआड, नाटकगृहात आले. एका परदेशी मंडळीकडून उचललेले रूप, गावाकडचे संगीत आणि मुंबईचा प्रेक्षक, अशी ही तिहेरी वीण होती. स्थलांतरित माणूस नुसता आठवणी सांभाळत बसत नाही, नवे घडवतो, याचा हा पुरावाच म्हणावा लागेल.

रिबेरोंच्या सोबत्यांपैकी एक, जुआंव आगुस्तीन्यो फेर्नांदिश, पुढे 'पाय तियात्रिस्त', म्हणजे तियात्राचे पिते, म्हणून ओळखले गेले. त्यांच्या दोन नाटकांची नावे आमच्या मुद्द्यासाठी महत्त्वाची आहेत. १८९५ सालच्या 'बेल ऑफ कावेल' या नाटकाचे नावच मुंबईच्या एका ख्रिस्ती वस्तीवरून घेतले आहे. काळबादेवीजवळचे कावेल हे गोव्याचे गाव नव्हे. स्थलांतरितांच्या रंगभूमीला जेमतेम तीन वर्षे झालेली असताना नाटककाराने नायिका शोधली ती आपल्या प्रेक्षकांच्या शेजारच्या गल्लीत. दुसरे नाटक 'बाटकार', १९०४ सालचे. बाटकार म्हणजे जमीनदार. त्याच्या जमिनीवर झोपडी बांधून राहणारा तो मुंडकार. या दोघांतील संबंध आणि मुंडकाराची लाचारी हा या नाटकाचा विषय.

हे नाटक मुंबईत झाले, ही बाब किरकोळ नाही. प्रेक्षकांतील कित्येकजण स्वतः मुंडकारांची मुले असणार. गावात ज्याच्यासमोर मान वर करता येत नव्हती त्या मालकाला शहरात, तिकीट काढून, रंगमंचावर पाहता येत होते. गोव्यात मुंडकारांना घरातून हुसकावण्याविरुद्ध संरक्षण देणारा कायदा झाला तो १९७५ साली. नाटक त्याच्या एकाहत्तर वर्षे आधीचे. आपल्या मराठी रंगभूमीवर देवलांचे 'शारदा' १८९९ साली आले आणि जरठ-कुमारी विवाहाविषयी समाजाला बोलते करून गेले, हे आपण शाळेपासून शिकतो. त्याच काळात, मराठी नाटक मंडळ्या गाजवीत होत्या त्याच मुंबईत, खलाशी आणि स्वयंपाकी आपले सामाजिक नाटक पाहत होते. आमच्या नाट्येतिहासाने त्याची दखल घेतली नाही. भाषा कोंकणी, लिपी रोमी आणि प्रेक्षक कामकरी, ही तीन कारणे त्यास पुरेशी झाली असावीत.

'बाटकार'च्या संदर्भात आणखी एक नोंद आवश्यक आहे. फेर्नांदिश यांच्या पत्नी रेजिना फेर्नांदिश यांनी या नाटकात भूमिका केली, आणि तियात्राच्या रंगमंचावर प्रथमच स्त्री आली. मराठी रंगभूमीवर त्या वेळी आणि पुढेही बरीच वर्षे स्त्रीभूमिका पुरुषच करीत होते. बालगंधर्वांची कीर्ती तर अजून व्हायची होती.

आता तियात्राच्या गुणदोषांकडे वळू. तियात्राची रचना सात पडद्यांची. दोन पडद्यांच्या मध्ये कांतारे म्हणजे गाणी होतात. या गाण्यांचा नाटकाच्या कथानकाशी बहुधा संबंध नसतो. शिष्ट समीक्षकांनी हा दोष मानला आहे. आमचे मत वेगळे आहे. कांतारांत महागाई येते, निवडणूक येते, खोलीचे भाडे येते, पुढाऱ्यांची थट्टा येते, कालपरवा घडलेली घटना येते. कथानक थांबवून गायक प्रेक्षकांशी त्यांच्या आजच्या जगण्याविषयी बोलतो. यिर्मयाचे पत्र तियात्रात कोठे असेल तर ते या कांतारांत आहे.

दोष आहे तो कथानकांत. जसजशी वर्षे गेली तसतशी अनेक नाटकांची कथा ठरीव होत गेली. परदेशी गेलेला सालस मुलगा, घरी छळ सोसणारी आई, कपटी भाऊ, वडिलार्जित घराचा वाद आणि शेवटी सर्वांच्या डोळ्यांत पाणी. गोवा १९६१ साली मुक्त झाला, पुढे आखाती देशांत नोकऱ्या निघाल्या. नायक मुंबईऐवजी कुवेतला गेला, परंतु कथा फारशी हलली नाही. कुवेतमध्ये तो कोणत्या खोलीत राहतो, किती जणांत राहतो, पासपोर्ट कोणाच्या ताब्यात आहे, आजारी पडल्यावर कोण पाहते, या गोष्टी पडद्याबाहेरच राहिल्या. पैसे पाठवणारा हात दिसला. त्या हाताला पडलेले घट्टे दिसले नाहीत.

आणि एक मौन तर आरंभापासूनचे आहे. कुडीत स्त्रियांना राहता येत नसे. आया म्हणून आलेल्या गोवेकर स्त्रिया मालकांच्या घरी, स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात किंवा मुलांच्या खोलीत झोपत. त्यांची कूड नव्हती, म्हणून त्यांची वहीही नव्हती. रंगमंचावर स्त्री १९०४ साली आली, तरी या स्त्रियांचे स्वतःच्या शब्दांतले आयुष्य फारसे लिहिले गेले नाही. ज्यांच्याजवळ संस्था होती त्यांचे साहित्य झाले. ज्यांच्याजवळ नव्हती त्यांची फक्त कामे झाली. हा मुद्दा वाचकांनी लक्षात ठेवावा. पुढे तो आम्हांस पुन्हा लागणार आहे.

पडद्यावरचा गोवेकर

स्थलांतरित स्वतःविषयी लिहीत असता यजमान समाज त्याच्याविषयी काय लिहितो, हेही पाहिले पाहिजे. हिंदी चित्रपटाने गोवेकर ख्रिस्ती माणसाला एक ठरावीक मुखवटा दिला. तो दारू पितो, मोडके हिंदी बोलतो, मनाचा चांगला असतो आणि त्याच्या मुली फ्रॉक घालतात. 'बॉबी' (१९७३) मधला जॅक ब्रगांझा आठवावा. या मुखवट्यामागे द्वेष नाही, हे मान्य. परंतु प्रेमळ व्यंगचित्र हेही व्यंगचित्रच असते.

यातला विरोधाभास असा की, ज्या चित्रपटांत हा मुखवटा नाचत होता त्यांचे संगीत वाद्यवृंदातून वाजवणारे आणि स्वरलिपीत बसवणारे बहुतांशी गोवेकर कॅथॉलिकच होते. फ्रँक फर्नांड, सेबॅस्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस ही त्यांतील काही नावे. 'अमर अकबर अँथनी' (१९७७) मधल्या प्रसिद्ध गाण्यातील नाव कोठून आले, हे आपल्या कुटुंबांतील कित्येकांना ठाऊक नसेल. संगीतकार प्यारेलाल हे तरुणपणी व्हायोलिन शिकले ते माजोर्डा गावच्या अँथनी गोन्साल्विस यांच्याकडे. शिष्याने आपल्या गुरूला केलेले ते वंदन होते. देशाने ते नाव गुणगुणले ते अंड्यातून बाहेर येणाऱ्या विनोदी नायकाचे म्हणून. खरे गोन्साल्विस २०१२ साली वारले.

या संगीतकारांना न्याय देण्याचा प्रयत्न अलीकडे झाला आहे. नरेश फर्नांडिस यांचे 'ताजमहाल फॉक्सट्रॉट' (२०१२) हे इंग्रजी पुस्तक मुंबईच्या जॅझची हकीकत सांगते आणि तीत गोवेकर वादकांना त्यांचे स्थान देते. बार्द्रॉय बार्रेटो यांचा 'नाचूं या कुंपासार' (२०१४) हा कोंकणी चित्रपट ख्रिस पेरी यांची गाणी घेऊन, त्यांच्या आणि लॉर्ना यांच्या जीवनावरून सुचलेली कथा सांगतो. त्यास उत्कृष्ट कोंकणी चित्रपटाचे राष्ट्रीय पारितोषिक मिळाले. चित्रपट देखणा आहे आणि गाणी अवीट आहेत. तरीही आमची एक तक्रार राहते. प्रेक्षक बाहेर पडतो तो एका सरलेल्या सुंदर काळाची हुरहूर घेऊन. रात्री क्लबात वाजवणारा माणूस सकाळी स्टुडिओच्या दारात कशासाठी उभा राहतो, त्याच्या घरभाड्याचे आणि मुलांच्या फीचे काय होते, हे त्या हुरहुरीत विरघळून जाते. वीणा पुन्हा एकदा झाडावर टांगली जाते. या वेळी फार सुरेख टांगली जाते, एवढेच.

दूरचे एक उदाहरण

हा प्रश्न केवळ गोवेकरांचा नाही. गोव्यावर ज्यांचे राज्य होते त्याच पोर्तुगीजांची भाषा बोलणाऱ्या ब्राझीलचे उदाहरण पाहा. १९०८ साली 'कासातो मारू' हे जहाज जपानी कुटुंबांना घेऊन ब्राझीलच्या सांतुस बंदरात लागले. कॉफीच्या मळ्यांत मजूर हवे होते. त्यांची नातवंडे पोर्तुगीज बोलू लागली आणि पुष्कळजण कॅथॉलिक झाले. १९९० साली जपानने आपला कायदा बदलून या वंशजांना येऊन काम करण्याची मुभा दिली, तेव्हा ती हामामात्सु, ओइझुमी अशा कारखान्यांच्या गावी मोठ्या संख्येने आली. चेहरा जपानी, भाषा पोर्तुगीज, असे हे लोक आजोबांच्या देशात परके ठरले. २००८ च्या मंदीत कारखाने थंडावले, आणि २००९ साली जपानी सरकारने बेकार झालेल्या कामगारास तीन लाख येन देऊ केले ते परत जाण्यासाठी. तेही त्याच सवलतीवर पुन्हा न येण्याच्या अटीवर.

या लोकांविषयी जेव्हा लिहिले जाते तेव्हा कार्निव्हाल, सांबा आणि फुटबॉल यांवर भर असतो. त्यांच्या गरजा मात्र साध्या होत्या. केराचे वर्गीकरण कसे करावे हे सांगणारा पोर्तुगीज कागद. दवाखान्यात दुभाषी. परदेशी मुलांना जपानमध्ये शाळा सक्तीची नसल्यामुळे घरी बसलेल्या पोरांसाठी वर्ग. आणि रविवारी आपल्या भाषेत मिस्सा. ही यादी कुडीच्या वहीशी ताडून पाहिली तर शंभर वर्षांचे आणि हजारो मैलांचे अंतर असूनही ती फारशी निराळी वाटत नाही.

ख्रिस्तसभेने हे ओळखले होते. १९५२ साली पोप बाराव्या पायस यांनी स्थलांतरितांविषयीचे प्रेषितीय फर्मान काढले. त्यात मिसरात आश्रय घेणाऱ्या नाझरेथच्या पवित्र कुटुंबाला सर्व निर्वासित कुटुंबांचा आदर्श मानले आहे, आणि स्थलांतरिताला त्याच्या भाषेतला धर्मगुरू मिळावा अशी व्यवस्था सांगितली आहे. आपल्या महाराष्ट्रात १९८८ साली मल्याळी स्थलांतरितांसाठी सिरो-मलबार विधीचा कल्याण धर्मप्रांत स्थापन झाला, तो याच विचाराच्या वाटेवरचा. २०२० च्या 'फ्रातेल्ली तुत्ती' या परिपत्रकात पोप फ्रान्सिस यांनी चार क्रिया सांगितल्या: स्वागत करणे, जपणे, पुढे आणणे आणि सामावून घेणे. पहिली सोपी आहे. चौथीला पिढ्या लागतात, आणि साहित्याचे काम या चौथीत आहे.

नागपूरचे काय?

आता आपल्या घराकडे येऊ. नागपूरच्या कॅथॉलिक समाजाचा इतिहास म्हणजे आलेल्या माणसांचा इतिहास आहे. १८२१ साली कामठीची छावणी वसली. मद्रासी पलटणींबरोबर तमिळ आणि तेलुगू शिपाई आले, त्यांची कुटुंबे आली, आयरिश सोल्जर आले. त्यांच्या आत्मिक सेवेसाठी सावॉय प्रांतातून संत फ्रान्सिस डी सेल्स यांच्या संघाचे मिशनरी आले, तेही स्थलांतरितच. १८६७ साली मुंबईची रेल्वे नागपुरास पोहोचली, १८८७ साली बंगाल-नागपूर रेल्वे कंपनी निघाली, आणि त्याच १८८७ साली नागपूर धर्मप्रांत स्थापन झाला. रेल्वेबरोबर अँग्लो-इंडियन, गोवेकर आणि तमिळ कुटुंबे आली. पुढे शाळांत आणि इस्पितळांत केरळच्या शिक्षिका, परिचारिका व धर्मभगिनी आल्या. कोळसा खाणी, वीज केंद्रे आणि बुटीबोरीचे कारखाने यांनी आणखी माणसे ओढली. छत्तीसगड आणि झारखंडकडून बांधकामावर व घरकामावर येणारी माणसे ही या ओघातील अलीकडची लाट. त्यांत उराँव, मुंडा, खडिया समाजांतील आपले धर्मबांधवही आहेत.

या सर्वांविषयी आपल्या ख्रिस्ती मराठी साहित्यात काय लिहिले गेले? मिशनऱ्यांची चरित्रे आहेत, आणि ती हवीतच. संस्थांच्या रौप्य आणि सुवर्ण महोत्सवांच्या स्मरणिका आहेत. भक्तिगीते, नाताळाच्या कविता, तपःकाळाचे चिंतन आहे. परंतु कामठीच्या तमिळ शिपायाच्या पणतीने घरात कोणती भाषा उरली हे सांगितलेले आम्ही वाचलेले नाही. केरळहून अठराव्या वर्षी आलेल्या परिचारिकेने रात्रपाळीची हकीकत मराठीत लिहिलेली नाही. आणि सिमडेगा किंवा जशपूरहून आलेली, कोणाच्या तरी फ्लॅटमध्ये राहून धुणीभांडी करणारी, रविवारी शेवटच्या बाकावर बसून मिस्सा संपताच लगबगीने निघून जाणारी मुलगी तर आपल्या पानांवर आलेलीच नाही. ती का निघून जाते? दुपारच्या जेवणापूर्वी तिला कामावर परत जायचे असते म्हणून. मुंबईच्या आयांची कूड नव्हती. आमच्या या मुलींचीही नाही. शंभर वर्षांपूर्वीचे ते मौन आम्ही येथे जसेच्या तसे चालू ठेवले आहे.

यावर दोन आक्षेप येतील. पहिला असा की, हे समाजकार्याच्या अहवालाचे विषय आहेत, साहित्याचे नव्हेत. त्यास आमचे उत्तर रूथचा ग्रंथ हे आहे. चार अध्यायांची ती परदेशी विधवेची कथा. तिच्यात शेत आहे, सुगी आहे, मजुरांमागून सरवा वेचणे आहे, भाजलेले धान्य आहे, आणि दिवसभरात वेचलेले जव झोडल्यावर एक एफा भरले, हे मापही आहे. लेखकाने माप दिले, कारण सासू-सुनांच्या घरात त्या मापाला अर्थ होता. कथा त्यामुळे खाली आली नाही. त्या रूथच्या वंशात दावीद जन्मला.

मराठीतही हे उदाहरण आहे. ना. वा. टिळक कामाच्या शोधात नागपूर-राजनांदगाव भागात आले होते, आणि राजनांदगावकडे जाताना आगगाडीत भेटलेल्या एका परदेशी सहप्रवाशाने त्यांच्या हाती बायबल दिले, हे सर्वांना माहीत आहे. परंतु टिळकांचे घर आपल्याला जे कळले ते लक्ष्मीबाईंच्या 'स्मृतिचित्रे'मुळे. फार न शिकलेल्या एका बाईने स्वयंपाकघर, उपासमार, बिऱ्हाडे, भांडणे आणि विटाळ यांविषयी लिहिले, आणि मराठी गद्याला एक श्रेष्ठ ग्रंथ मिळाला. ख्रिस्ती मराठी लेखणीला घरातले जगणे पेलत नाही, असे यानंतर कोण म्हणेल?

दुसरा आक्षेप अधिक नाजूक आहे. गावाची आठवण हीच स्थलांतरिताची प्रार्थना असते. ती त्याच्याकडून का काढून घ्यावी? आम्ही ती काढून घेऊ इच्छित नाही. एकशे सदतिसावे स्तोत्र पवित्र शास्त्रात आहे आणि राहील. पण ज्यांनी शास्त्र जुळवले त्यांनी यिर्मयाचे पत्रही फाडून टाकले नाही. त्यांनी दोन्ही जपले. आम्ही मागतो आहोत ते एवढेच की, आपल्या साहित्याच्या बांधणीतही दुसऱ्याला जागा असावी.

यात आमच्या भाषेचाही प्रश्न गुंतलेला आहे. या कुटुंबांची मुले नागपुरात जन्मली आहेत. ती रस्त्यावर हिंदी, शाळेत इंग्रजी आणि घरात तमिळ, मल्याळम किंवा सादरी बोलतात. मराठी त्यांना शाळेचा एक विषय म्हणून भेटते. ज्या भाषेत आपल्या आईचे काम, आपली वस्ती, आपल्या बापाची पहिली नोकरी कोठेच लिहिलेली नाही, ती भाषा परीक्षेनंतर मुलांनी का जवळ करावी? मराठीने त्यांना सामावून घ्यावे असे वाटत असेल तर मराठीत ती प्रथम दिसली पाहिजेत. २०२० च्या टाळेबंदीत दक्षिणेकडून उत्तरेकडे पायी निघालेले मजूर नागपूरवरून गेले. आपल्यापैकी अनेकांनी त्यांना पाणी दिले, जेवण दिले. त्यांतील एकाचीही हकीकत त्याच्या शब्दांत आपल्या पानांवर उतरली नाही. भाकरी दिली हे चांगले झाले. नाव-गाव विचारून लिहून ठेवले असते, तर ती माणसे वाटेवरची गर्दी म्हणून विस्मृतीत गेली नसती.

असे लेखन कोणी करावयाचे ठरवले तर आम्ही तीन सूचना करू. पहिली, शब्द त्यांचेच ठेवावेत. उराँव आजी ज्याला जे म्हणते तेच लिहावे, वाटल्यास पुढे मराठीत एक वाक्य द्यावे. दुसरी, आकडे टाळू नयेत. पहिला पगार, खोलीचे भाडे, गावचे तिकीट या गोष्टी कथेचा भाग आहेत. रूथच्या लेखकाने माप दिलेच होते. तिसरी, आणि सर्वांत महत्त्वाची, त्यांना दयेचा विषय करू नये. तियात्राचे लेखक आपल्या प्रेक्षकांतूनच आले होते, त्यांच्याबरोबर राहणारे होते, म्हणून त्यात जोर आला. ज्याचे जगणे त्याची लेखणी. आपण हवे तर लिहून घेणारे व्हावे, शुद्धलेखन पाहणारे व्हावे.

प्रत्येक धर्मग्रामात बाप्तिस्मा, लग्न आणि मृत्यू यांच्या नोंदवह्या असतात. जुन्या वह्यांतील आडनावे आणि मूळ गावे ओळीने वाचत गेल्यास पलटणी, रेल्वे, इस्पितळे आणि कारखाने एकामागून एक आपल्या डोळ्यांपुढून जातात. ती आपली कुडीची वही आहे. तीत नाव आहे, तारीख आहे, हकीकत नाही. ती अद्याप माणसांच्या तोंडी आहे, आणि जुनी माणसे दरवर्षी कमी होत आहेत.

म्हणून या त्रैमासिकाच्या वाचक-कुटुंबांना आमची विनंती आहे. आपल्या घरातील वडीलधाऱ्यांना चार प्रश्न विचारावेत: नागपुरास प्रथम कोण आले, कशासाठी आले, पहिली रात्र कोणाच्या छपराखाली काढली, आणि पहिल्या आजारपणात उशाशी कोण बसले. मिळालेली उत्तरे, जशी सांगितली तशी, दोन-तीन पानांत लिहून संपादकांकडे पाठवावीत. ज्यांच्या घरी कामाला मुलगी आहे त्यांनी तिलाही हे प्रश्न विचारावेत. आणि ती उत्तर देऊ शकेल इतका वेळ, रविवारच्या मिस्सेनंतर, तिला मोकळा ठेवावा.